इंटिमिडेशनचा नीट वापर: टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये धाक कधी, कुणाला आणि कसा घालावा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र रंगवायच्या आणि फाशांनी निकाल लावायच्या खेळात, बोलून काम काढण्याची जी मोजकी कौशल्ये पात्राच्या कागदावर लिहिलेली असतात, त्यांत इंटिमिडेशन, म्हणजे धाक घालून हवे ते करून घेणे, हे सर्वांत कमी विचार करून वापरले जाते असे माझे मत आहे. खेळाडू ‘मी त्याला धमकावतो’ एवढेच म्हणतो आणि फासा टाकतो. आकडा मोठा आला तर पहारेकरी थरथर कापतो, पण त्यातून पुढे काय निष्पन्न झाले हे कुणालाच सांगता येत नाही. आकडा लहान आला तर तलवारी उपसल्या जातात. असे दोन-चार वेळा घडले की खेळाडू या कौशल्याचा नाद सोडतो आणि प्रत्येक प्रसंगी गोड बोलण्याकडे वळतो. यात कौशल्याचा दोष फार थोडा आहे. फासा हातात घेण्याआधी ज्या तीन गोष्टी ठरायला हव्यात त्या ठरलेल्याच नसतात: समोरच्याकडून नेमके काय हवे आहे, ते न दिल्यास त्याचे काय जाणार आहे, आणि दिल्यास त्याला सुखरूप कसे सुटता येणार आहे.

या तीन गोष्टी कशा ठरवायच्या, कोणत्या आकड्यांवर लक्ष ठेवायचे आणि यश मिळाल्यावर पुढे काय करायचे, हे खाली क्रमाने मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतून आणि ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीतून घेतली आहेत, कारण या दोन खेळांत या कौशल्याचे नियम एकमेकांपासून बरेच दूर आहेत आणि एका खेळातली सवय दुसऱ्यात नेली की हमखास फसगत होते.

पहिली पायरी: आपल्या खेळात नियम काय आहे ते वाचणे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात धमकावण्याचे असे वेगळे कौशल्य नव्हते. शत्रू कच खातो की नाही हे मोराल नावाच्या तपासणीवर ठरत असे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत इंटिमिडेट हे कौशल्य मुख्य यादीत आले. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत ते करिष्मा या क्षमतेशी जोडलेले आहे, आणि उघड धमकी, वैरभावाचे वर्तन किंवा शारीरिक हिंसा यांच्या जोरावर कुणाला वळवायचे असेल तेव्हा डंजन मास्टर, म्हणजेच खेळ चालवणारा डीएम, या चेकची, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात बोनस मिळवण्याच्या कसोटीची, मागणी करू शकतो, एवढेच त्यात सांगितले आहे. गाठायचा आकडा, म्हणजे डीसी, किती असावा, यशाने नेमके काय मिळावे, परिणाम किती वेळ टिकावा, यांपैकी काहीही तिथे बांधून दिलेले नाही. या मोकळेपणाचा फायदा जाणकार डीएमच्या हाती चांगला होतो, पण नवख्या गटात त्याच मोकळेपणामुळे प्रत्येक जण मनात वेगळा नियम धरून बसतो.

२०२४ सालच्या सुधारित पुस्तकात हा भाग बराच स्पष्ट झाला. तिथे ‘इन्फ्लुअन्स’ नावाची स्वतंत्र कृती आहे. समोरच्याची मूळचीच तयारी असेल तर फासा लागत नाही. मागणी त्याच्या मनाला पूर्णपणे न पटणारी असेल तरीही फासा लागत नाही, कारण ती मान्य होणारच नसते. आणि तो कचरत असेल तेव्हाच चेक होतो. डीसी १५ किंवा त्या जीवाच्या बुद्धिमत्तेचा आकडा, यांपैकी जो मोठा असेल तो धरायचा. समोरचा मैत्रीभाव बाळगून असेल तर ॲडव्हांटेज मिळते, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा; वैरभाव बाळगून असेल तर डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोनांतला लहान. फासा फसला तर तीच मागणी त्याच पद्धतीने पुन्हा करण्यासाठी २४ तास थांबावे लागते. यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक खेळाडूंच्या ध्यानात येत नाही: उघड शत्रूला धमकावणे हा या आवृत्तीत सर्वांत अवघड प्रकार आहे, आणि खरा फायदा आहे तो तटस्थ माणसांवर. नाकेवाला, कारकून, सरायवाला, भाडोत्री पहारेकरी यांना तुमच्याशी वैरही नसते आणि तुमच्यासाठी जीव देण्याचे कारणही नसते.

‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ पासून, या कौशल्याचे दोन स्वतंत्र उपयोग आहेत आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. ‘डीमॉरलाइझ’ हा लढाईतला एका ॲक्शनचा, म्हणजे आपल्या पाळीतल्या एका कृतीचा, उपयोग आहे. ‘कोअर्स’ हा लढाईबाहेरचा आहे. त्याला किमान एक मिनिटाचे बोलणे लागते, आणि त्याने माहिती किंवा मदत मिळते. दोन्हींचा फासा समोरच्याच्या विल डीसीविरुद्ध, म्हणजे त्याच्या मनोबलाच्या आकड्याविरुद्ध, पडतो.

‘कॉल ऑफ कथुलू’च्या सातव्या आवृत्तीत कौशल्ये टक्क्यांत मोजतात. तिथे काहीच न शिकलेल्या माणसाचे इंटिमिडेट १५ टक्के असते, पर्स्युएड (समजावणे) १० आणि फास्ट टॉक (बोलण्यात गुंडाळणे) ५. अर्थात, अननुभवी पात्राला समजावण्यापेक्षा दरडावणे थोडे अधिक जमते. समोरच्याचे त्याच प्रकारचे कौशल्य ५० टक्क्यांवर असेल तर मात्र आपल्या आकड्याच्या निम्म्याखाली फासा पडावा लागतो. मुरलेला गुन्हेगार किंवा फौजदार अशा वेळी सहसा बधत नाही, आणि हे वास्तवाला धरूनच आहे.

व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मधला एक भेद प्रत्येक खेळात उपयोगी पडतो. तिथल्या ‘गो ॲग्रो’ या चालीचा फासा तेव्हाच टाकता येतो जेव्हा पात्र दिलेली धमकी खरोखर अमलात आणायला तयार असते. तयारी नसेल तर ती नुसती हूल ठरते, आणि तिला दुसरी चाल लागू होते. तुमच्या खेळात हा नियम नसला तरी हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल तर तुम्ही प्रत्यक्षात थाप मारत आहात, आणि डीएमने डिसेप्शनचा, म्हणजे फसवण्याच्या कौशल्याचा, चेक मागितला तर तक्रारीला जागा नाही.

दुसरी पायरी: माणूस निवडणे

धाक त्यालाच घालता येतो ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही आहे आणि ते वाचवण्याचा मार्ग ज्याला दिसतो. एवढी एक कसोटी लावली तरी निम्मे चुकीचे प्रयत्न आपोआप गळतात.

पगारी पहारेकरी हा सर्वांत सोपा. त्याला मिळणाऱ्या पैशांत मरण्याची किंमत धरलेली नसते. लुटारूंच्या टोळीतले शेवटचे दोघे-तिघेही तसेच, कारण त्यांचा आधार टोळीच्या संख्येत होता आणि ती संख्या आता जमिनीवर पडलेली आहे. याउलट, धर्मवेडा पुजारी मरणाला बक्षीस मानतो. त्याला जिवाची भीती घालणे व्यर्थ आहे, पण त्याचा अर्धवट राहिलेला विधी, त्याच्या देवतेची मूर्ती, त्याच्या शिष्यांचा विश्वास यांपैकी काही तुमच्या हाती असेल तर चित्र पालटते. सरदार आणि व्यापारी यांना मारण्याची धमकी देणे बहुधा मूर्खपणाचे ठरते, कारण त्यांच्या पाठीशी सैनिक आणि कायदा दोन्ही असतात. अब्रू आणि बाजारातली पत जाण्याची भीती मात्र खोलवर जाते. आणि आयर्न गोलेमसारखे, म्हणजे जादूने चालणाऱ्या लोखंडी पुतळ्यांसारखे, जीव फ्रायटन्ड (भेदरलेला) या स्थितीपासून मुळातच मुक्त असतात, ‘पाथफाइंडर’मधले बिनमनाचे सांगाडे आणि झाँबी कोणत्याही मानसिक परिणामाला दाद देत नाहीत, तिथे ॲक्शन वाया घालवू नये.

वेळही तितकीच महत्त्वाची असते. १९८१ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘बेसिक’ संचात राक्षसांना २ ते १२ असा मोरालचा आकडा होता. गटातला पहिला बळी पडला की आणि निम्मा गट गारद झाला की डीएम दोन सहा-बाजूंचे फासे टाकी, आणि बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर शत्रू पळत किंवा शरण येत. २०१४ सालच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये हीच कल्पना ऐच्छिक नियम म्हणून आहे: एकटा शत्रू प्रथमच निम्म्या हिट पॉइंट्सवर, म्हणजे जिवाच्या गुणांवर, आला, किंवा गटाचा म्होरक्या पडला, किंवा समोरच्या बाजूचे काहीच नुकसान न होता गट निम्मा झाला, तर डीसी १० चा विस्डम सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा. तुमचा डीएम हा नियम वापरत नसला तरी हे क्षण लक्षात ठेवावेत. म्होरक्या कोसळल्यानंतरच्या पुढच्याच पाळीत ‘शस्त्रे टाका आणि चालते व्हा’ असे म्हणणाऱ्या खेळाडूला नाही म्हणणे कोणत्याही समजूतदार डीएमला जड जाते. तेच वाक्य लढाईच्या पहिल्या फेरीत पोकळ वाटते.

तिसरी पायरी: धमकीची रचना

आता एक प्रसंग जवळून पाहू. बंदरावरच्या गोदामात रात्रपाळीचा कारकून बसला आहे. काल उतरलेल्या पेट्या कुणी उचलल्या हे त्याच्या वहीत लिहिलेले आहे, पण नोंदी त्याने स्वतःच्या सांकेतिक खुणांत केल्या आहेत. गटातला हाफ-ऑर्क फायटर ग्रुक आत शिरतो आणि खेळाडू ग्रुकच्या तोंडी पहिले सुचेल ते वाक्य घालतो: ‘बोल, नाहीतर मुंडकं उडवीन!’

ही धमकी दिसायला मोठी असली तरी कमकुवत आहे. कारकुनाला कळते की खुणा वाचणारा तो एकटाच असल्यामुळे हे लोक त्याला मारणार नाहीत. ‘बोल’ म्हणजे काय बोल, हेही त्याला कळलेले नाही. आणि बोलल्यावर जिवंत सोडतील याची काहीही खात्री त्याला दिलेली नाही, त्यामुळे आरडाओरडा करणे हाच त्याला शहाणपणाचा मार्ग वाटतो. तोच खेळाडू थोडा थांबून, खोलीचे वर्णन पुन्हा ऐकून, असे म्हणू शकतो:

‘वही उघड. काल रात्री तिसऱ्या धक्क्यावर उतरलेल्या पेट्या कुणाच्या नावावर गेल्या, तेवढंच वाच. वाचलंस तर आम्ही मागच्या दाराने जातो आणि तू आम्हाला पाहिलंच नाहीस. नाही वाचलंस तर ही वही मी घेऊन जाणार, आणि सकाळी मालकाला हिशेब कसा द्यायचा ते तू बघ.’

इथे मागणी लहान आणि ठरावीक आहे. नुकसान खरे आहे, ग्रुक ते याच क्षणी करू शकतो, आणि ते केल्याने ग्रुकचे काही बिघडत नाही, म्हणून कारकुनाला ते खरे वाटते. सुटकेचा रस्ता शब्दांत सांगितला आहे. शिवाय कारकुनाला खरी भीती ग्रुकची नसून मालकाची आहे हे खेळाडूने ओळखले आहे, आणि अशी आधीपासून मनात असलेली भीती वापरणे नवी भीती निर्माण करण्यापेक्षा नेहमीच सोपे असते. ती ओळखण्यासाठी आधी इनसाइटचा, म्हणजे माणसाचे मन ओळखण्याचा, चेक मागावा, खोलीत काय दिसते ते विचारावे, सरायवाल्याकडून माणसाची माहिती काढावी. ही तयारी केलेल्या खेळाडूला डीएमने कमी डीसी किंवा ॲडव्हांटेज द्यावा, आणि दिला नाही तर खेळाडूने तो नम्रपणे मागावा.

ज्यांना पात्राच्या आवाजात बोलायला संकोच वाटतो, त्यांनी हेच तृतीय पुरुषात सांगितले तरी पूर्ण मूल्य मिळाले पाहिजे. ‘ग्रुक वहीवर हात ठेवतो, कालच्या पेट्यांची नोंद वाचायला सांगतो आणि नकार दिल्यास वही घेऊन जाईन असे सुचवतो’ या वाक्यात वरच्या संवादातले सगळे सामर्थ्य आहे. अभिनयाला गुण देऊन आशयाला न देणारा डीएम मितभाषी खेळाडूंवर अन्याय करतो.

चौथी पायरी: आकडे आपल्या बाजूला आणणे

ग्रुक तिसऱ्या लेव्हलचा आहे. त्याची ताकद १८, म्हणजे अधिक ४. करिष्मा ८, म्हणजे उणे १. शिकलेल्या कौशल्यावर मिळणारा प्रोफिशियन्सी बोनस अधिक २. करिष्म्यावर चेक केला तर एकूण अधिक १ होतो, आणि डीसी १५ गाठायला फाशावर १४ किंवा जास्त लागतात, म्हणजे यशाची शक्यता ३५ टक्के. ताकदीवर तोच चेक केला तर एकूण अधिक ६ होतो, ९ पुरतात, आणि शक्यता ६० टक्क्यांवर जाते. २०१४ सालच्या पुस्तकात कौशल्य दुसऱ्या क्षमतेशी जोडण्याचा ऐच्छिक नियम आहे, आणि तिथे ताकदीवरचे इंटिमिडेशन हेच एक उदाहरण म्हणून दिलेले आहे, त्यामुळे ही मागणी करण्यात वावगे काहीच नाही. मात्र ती प्रसंगाला धरून करावी. लोखंडी गज हातांनी वाकवून दाखवला तर ताकद लागू पडते. मालकाला कळवण्याची सूचक धमकी हा करिष्म्याचाच विषय आहे, आणि वरच्या वहीच्या प्रसंगात मी स्वतः करिष्माच मागेन. ग्रुकने बोलता बोलता लोखंडी तिजोरी एका हाताने दारासमोर सरकवली असती तर माझे मत बदलले असते.

२०२४ च्या पुस्तकात बार्बेरियनला तिसऱ्या लेव्हलला मिळणारे ‘प्रायमल नॉलेज’ हा प्रश्न मिटवते: रेजमध्ये, म्हणजे लढाईतल्या संतापाच्या अवस्थेत, असताना तो इंटिमिडेशन ताकदीवर करू शकतो. ‘पाथफाइंडर’मध्ये ‘इंटिमिडेटिंग प्रॉवेस’ हे फीट, म्हणजे पात्रासाठी निवडायची खास क्षमता, शरीरबळाचा बोनस देते, आणि ‘इंटिमिडेटिंग ग्लेअर’ घेतले की शब्दांची गरज उरत नाही, नुसते डोळे वटारून काम होते. हे दुसरे फीट मला अधिक मोलाचे वाटते, कारण एरवी समोरच्याला तुमची भाषा समजत नसेल तर डीमॉरलाइझवर थेट उणे ४ बसतात.

साथीदाराची मदत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. पाचव्या आवृत्तीत एकाने ‘हेल्प’ केली की दुसऱ्याला ॲडव्हांटेज मिळते; त्याने ग्रुकची ३५ टक्क्यांची शक्यता सुमारे ५८ वर जाते आणि ६० ची ८४ वर. त्यासाठी दोघांनी मिळून दरडावण्याची गरज नसते. एकाने कठोर व्हावे आणि दुसऱ्याने मधे पडून ‘अरे, त्याला बोलू तर दे, तो ऐकतोय’ असे म्हणावे. या दुसऱ्याने केलेले काम म्हणजेच सुटकेचा रस्ता दाखवणे.

पाचवी पायरी: लढाईतला वापर

‘पाथफाइंडर’मध्ये या कौशल्याचे सोने होते, म्हणून इथे थोडा वेळ घालवणे योग्य आहे. डीमॉरलाइझ यशस्वी झाले की ३० फुटांच्या आतला शत्रू ‘फ्रायटन्ड १’ होतो, आणि क्रिटिकल यश मिळाले तर ‘फ्रायटन्ड २’. तेवढा आकडा त्याच्या सर्व चेकमधून आणि सर्व डीसींमधून वजा होतो. त्याचे हल्ले घसरतात, सेव्ह घसरतात, आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, घसरतो. १ हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण या खेळात डीसीपेक्षा १० ने वर गेले की क्रिटिकल होते, त्यामुळे प्रत्येक १ हा लागण्याची आणि क्रिटिकलची अशा दोन्ही शक्यता हलवतो, आणि तोही सबंध गटासाठी.

पहिल्या लेव्हलच्या, करिष्मा अधिक ३ असलेल्या, कौशल्यात ट्रेन्ड (शिकलेल्या) अशा पात्राचा बोनस अधिक ६ होतो. समोरच्याचा विल डीसी १५ असेल तर फाशावर ९ पासून यश आणि १९ पासून क्रिटिकल. भाषा जुळत नसेल तर १३ लागतात. दांडगे, मंद, ताकदीवर जगणारे शत्रू बहुधा विलमध्ये कच्चे असतात आणि जादूगार पक्के, म्हणून ओगरवर डीमॉरलाइझ करावे आणि मांत्रिकाला तलवारीने गाठावे.

क्रमाबाबत दोन गोष्टी पाळल्या की फायदा दुप्पट होतो. पहिली अशी की फ्रायटन्डचा आकडा त्या शत्रूची स्वतःची पाळी संपताना १ ने उतरतो. शत्रूच्या पाळीनंतर लगेच तुमची पाळी येत असेल तर तुम्ही घातलेला धाक सगळ्या साथीदारांच्या पाळ्यांत आणि शेवटी शत्रूच्या हल्ल्यावरही लागू राहतो. तुम्ही शत्रूच्या अगदी आधी असाल तर फक्त त्याचा हल्ला तेवढा बिघडतो. अशा वेळी ‘डिले’ करून, म्हणजे आपली पाळी पुढे ढकलून, त्याच्या मागे जाणे अनेकदा फायद्याचे ठरते. दुसरी गोष्ट पाळीच्या आतल्या क्रमाची आहे. डीमॉरलाइझ हा हल्ला मानला जात नाही, त्यामुळे एकाच पाळीतल्या दुसऱ्या हल्ल्यावर बसणारे उणे ५ आणि तिसऱ्यावरचे उणे १० त्याला लागू होत नाहीत. तिसरा हल्ला हवेत मारण्यापेक्षा ती ॲक्शन धाक घालण्यात घालवावी, आणि ती शेवटी न ठेवता सुरुवातीलाच घ्यावी, म्हणजे आपल्याच दोन हल्ल्यांना घसरलेला आर्मर क्लास मिळतो. प्रयत्न फसो वा साधो, तो शत्रू पुढची १० मिनिटे तुमच्या डीमॉरलाइझपासून मुक्त होतो, म्हणून पुढच्या फेरीत दुसरा शत्रू निवडावा. ही मुक्तता फक्त तुमच्यापुरती असते. साथीदार त्याच शत्रूवर आपला प्रयत्न करू शकतो.

पाचव्या आवृत्तीत असा तयार नियम नाही, आणि यशस्वी इंटिमिडेशन चेक म्हणजे आपोआप फ्रायटन्ड स्थिती, असेही नाही. ती स्थिती बरीच जड आहे: भीतीचे कारण दिसत असेतोवर हल्ल्यांवर आणि चेकवर डिसॲडव्हांटेज, आणि त्या दिशेने स्वेच्छेने सरकता येत नाही. एका चेकवर ती फुकट देणे म्हणजे ज्या पात्रांनी लेव्हल खर्चून ती मिळवली त्यांच्यावर अन्याय, उदाहरणार्थ २०१४ च्या पुस्तकातला दहाव्या लेव्हलचा बर्सर्कर बार्बेरियन. म्हणून पाचव्या आवृत्तीत लढाईत शरणागती, माघार किंवा क्षणभराची चलबिचल मागावी, आणि ती वर सांगितलेल्या मोरालच्या क्षणांना जोडून मागावी.

सहावी पायरी: माहिती काढताना घ्यायची काळजी

धाकाखाली माणूस खरे बोलतोच असे नाही. तो सुटका करून देणारे बोलतो. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये गो ॲग्रोचा फासा ७ ते ९ आला तर समोरच्याला निवडता येणाऱ्या प्रतिसादांत तुम्हाला जे ऐकायचे आहे ते सांगून टाकणे हा एक प्रतिसाद आहे, आणि मी तो इतर खेळांतही वापरतो. यावर खेळाडूंनी करायचे उपाय साधे आहेत. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा एक प्रश्न मधे पेरावा. दोन कैदी असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत तोच प्रश्न विचारावा. ‘खजिना उत्तर बुरुजात आहे ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळून ‘कुठे आहे?’ असे विचारावे. आणि शक्य असेल तिथे शब्दांऐवजी वस्तू मागावी: किल्ली, नकाशा, वही, सही. किल्ली कुलपाला लागते की नाही हे तिथल्या तिथे कळते.

सातवी पायरी: नंतरची व्यवस्था आधीच करणे

धाकाने मिळालेले सहकार्य मुदतीचे असते, आणि काही खेळांनी ही मुदत आकड्यांत लिहून ठेवली आहे. २००३ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या साडेतीनाव्या आवृत्तीत धमकावलेला माणूस तुमच्या समोर असेतोवर आणि त्यानंतर १डी६ (एका सहा-बाजूंच्या फाशाचा आकडा) गुणिले १० मिनिटे मित्रासारखा वागतो, आणि मग तुमच्याविरुद्ध जातो. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत कोअर्सचे यश फार तर एक दिवस टिकते आणि त्यानंतर तो माणूस अनफ्रेंडली होतो, चौकीवर जाऊन तक्रारही करू शकतो. क्रिटिकल अपयश आले तर तो हॉस्टाइल होतो आणि किमान आठवडाभर तुमचे कोअर्स त्याच्यावर चालत नाही.

म्हणून मागणी अशी असावी की ती मुदतीच्या आत पूर्ण होईल. ‘आत्ता फाटक उघड’ ही चांगली मागणी आहे. ‘उद्या रात्री आमच्यासाठी फाटक उघडे ठेव’ ही वाईट, कारण मधल्या वेळात भीती ओसरते आणि सापळा लावला जातो. पुढच्या भेटीतही ज्याची गरज लागणार आहे, म्हणजे गावातला लोहार, वैद्य, तुम्हाला काम देणारा सरदार, त्याच्यावर हे कौशल्य वापरूच नये. तिथे पर्स्युएशनचा कमी असलेला बोनसही दीर्घ पल्ल्यात जास्त देतो. वापरावेच लागले तर निघताना त्या माणसाला काहीतरी द्यावे. कारकुनाच्या टेबलावर चार चांदीची नाणी ठेवली तर सकाळी तो स्वतःला सांगू शकतो की त्याने माहिती विकली, आणि माहिती विकणारा माणूस सहसा तक्रार करायला जात नाही.

‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये फसलेला फासा ‘पुश’ करून पुन्हा टाकता येतो, पण त्यासाठी पात्राने काहीतरी जास्तीचे करावे लागते आणि पुन्हा फसल्यास परिणाम अधिक वाईट होतो. इंटिमिडेटच्या बाबतीत हे जास्तीचे म्हणजे जवळपास नेहमी पिस्तूल बाहेर काढणे असते. १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत त्याचा शेवट पोलीस चौकीत होण्याची शक्यता मोठी, हे खेळाडूने फासा उचलण्याआधी मनाशी धरावे.

आठवी पायरी: डीएमने करायचे काम

फासा पडण्याआधी डीएमने मोठ्याने दोन वाक्ये म्हणावीत: यश आले तर काय मिळेल आणि अपयश आले तर काय बिघडेल. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात प्रत्येक कृतीआधी धोका किती आणि परिणाम किती हे ठरवण्याची जी पद्धत आहे, ती याच कामासाठी उत्तम आहे आणि कोणत्याही खेळात उचलता येते. मागणी अशक्य असेल तर फासा टाकायलाच देऊ नये. राजाला धमकावून सिंहासन मिळत नाही, आणि फाशावर वीस आले तरी मिळत नाही, हे आधी सांगितले की नंतरचा वाद टळतो.

अपयश म्हणजे लढाई असे समीकरण मोडावे, कारण या कौशल्यापासून खेळाडूंना दूर नेणारे तेच सर्वांत मोठे कारण आहे. थोडक्यात चुकलेला फासा म्हणजे तो माणूस घाबरला आहे, पण तुमच्यापेक्षा दुसऱ्या कुणाला अधिक घाबरतो, असे सांगता येते. त्यातून खेळाडूंना नव्या माणसाचे नाव कळते. किंवा तो मदत करतो, पण गडबडीत दिवा पाडतो. किंवा अर्धेच सांगतो आणि बाकीच्यासाठी पैसे मागतो. फार वाईट चुकल्यावरच त्याने शिट्टी वाजवावी.

एका पात्राने दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला धमकावले तर त्या पात्राने काय करायचे हे त्याच्या खेळाडूनेच ठरवावे. फाशाचा आकडा फार तर किती भीती वाटली याचा अंदाज देतो. याहून गंभीर बाब खुर्चीत बसलेल्या खऱ्या माणसांची आहे. धमकीचे प्रसंग रंगात आले की आवाज चढतात, कुणी उठून उभा राहतो, आणि शेजारी बसलेल्याला ते त्याच्या स्वतःच्या आयुष्यातल्या कशाची तरी आठवण करून देऊ शकते. म्हणून पहिल्या सत्राआधी, सेशन झिरोमध्ये, विचारून घ्यावे: छळ दाखवायचा का, लहान मुलांना ओलीस धरण्याची भाषा चालेल का, कोणत्या गोष्टी अजिबात नकोत आणि कोणत्या पडद्याआड घडल्या तर चालतील. यालाच लाइन्स आणि व्हेइल्स म्हणतात. सोबत टेबलावर एक्स-कार्ड ठेवावे, ज्याला हात लावला की प्रसंग तिथेच थांबतो आणि कुणी कारण विचारत नाही. माझ्या टेबलावर छळ करून माहिती काढणे पडद्याआडही होत नाही, आणि त्यामुळे इंटिमिडेशनची उपयुक्तता कमी झाल्याचे मला कधी दिसलेले नाही. उलट खेळाडू वही, किल्ली, अब्रू, मालक असल्या बारीक गोष्टी शोधू लागतात.

शेवटचे काम नोंदीचे आहे. डीएमच्या वहीत एक पान धमकावलेल्या माणसांसाठी राखून ठेवावे: नाव, ठिकाण, कोणत्या गोष्टीची भीती घातली, काय मिळाले, आणि जाताना त्याला काही दिले का. गट त्या गावात परत येईल तेव्हा आधी हे पान उघडावे आणि प्रत्येक नावापुढे मधल्या दिवसांत त्या माणसाने काय केले असेल ते एका ओळीत लिहावे. नाकेवाल्याने वरिष्ठांना सांगितले असेल, कारकुनाने नोकरी बदलली असेल, शरण येऊन सुटलेला लुटारू आता शेजारच्या शेतात मजुरी करत असेल आणि गटाला पाहून कुंपणाआड सरकत असेल. त्याला हाक मारायची की नाही, हे खेळाडू ठरवतील.